चूल पेटेपर्यंत

रोमला दोन वर्षे राहून आलो असे कळले, की बडोद्यात भेटणारी मंडळी हमखास विचारतात, "कोलोसियम पाहिलंत का?" पाहिले. मायकेल अँजेलोने रंगविलेले छत मान दुखेपर्यंत पाहिले, त्रेव्हीच्या कारंज्याकडे पाठ करून नाणेही टाकले. परंतु ह्या साऱ्या स्थळांची वर्णने पुष्कळांनी लिहून ठेवली आहेत, त्यांत आमची भर नको. आम्हांला सांगावयाचे आहे ते एका दुकानाविषयी. त्याच्या पाटीवरची अर्धी अक्षरे पावसापाण्याने पुसली गेली होती. आत बसावयास एक खुर्ची नव्हती. आकार म्हणाल तर दांडिया बाजारातील एखाद्या जुन्या पिठाच्या गिरणीएवढा. तरीसुद्धा रोममध्ये आपले म्हणावे असे तुमचे ठिकाण कोणते, असे कोणी विचारले, तर आम्ही ह्या दुकानाचेच नाव घेऊ.

ह्यांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत दोन वर्षांचे काम मिळाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आम्ही उभयता रोमला पोहोचलो. संघटनेची कचेरी १९५१ पासून रोममध्ये आहे. तिच्या आसपासच्या जागांची भाडी ऐकूनच आमचे डोळे पांढरे झाले. म्हणून भुयारी रेल्वेने दोन स्थानके दक्षिणेला सरकून गार्बातेल्ला नावाच्या वस्तीत आम्ही दोन खोल्यांचे घर घेतले.

जेथे दोन हजार वर्षांच्या भिंतीलाही कोणी वळून पाहत नाही, त्या शहरात गार्बातेल्ला म्हणजे अगदी कालची वस्ती. १८ फेब्रुवारी १९२० रोजी राजे तिसरे व्हिक्टर इमॅन्युएल ह्यांच्या हस्ते तिची कोनशिला बसविली गेली. जवळच्या ओस्तिएन्से भागातील कामगारांसाठी, इंग्लंडमधील उद्याननगरांच्या धर्तीवर ती वसविली. घरांचे लहान लहान गट, प्रत्येक गटाला एक क्रमांक, मध्ये सर्वांचे मिळून एक अंगण, अंगणात लिंबू-संत्र्याची झाडे आणि झाडांच्या आडून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या कपडे वाळत घालण्याच्या तारा. पहिल्याच दिवशी हे दृश्य पाहून ह्यांच्या तोंडून निघून गेले, "अहो, हा तर वाडाच!" वस्तीच्या नावाची कथाही मोठी गोड आहे. फार पूर्वी येथे एक खाणावळवाली होती. ती इतकी अदबीची, इतकी आर्जवी होती, की 'अदबशीर' ह्या अर्थाच्या इतालियन शब्दावरून साऱ्या टेकडीलाच तिचे नाव पडले, असे लोक सांगतात. ह्या कथेचा पुरावा कोणी मागत नाही. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी रोमला उतरले होते, तेव्हा तेही ह्या वस्तीत येऊन गेले. आम्ही हिंदी आहोत असे कळताच अंगणातील म्हाताऱ्या बायका ही गोष्ट आम्हांला हटकून सांगत. जणू काही आमच्या घरचे कोणी वडीलधारे मागे येऊन गेले होते.

असे असले तरी पहिले दोन महिने फार जड गेले. घर मिळाले, पण घरात गॅस नव्हता. जुन्या भाडेकरूच्या नावाची जोडणी आमच्या नावावर करून घ्यावयाची होती आणि त्यासाठी लागणाऱ्या कागदांतील एक कागद दर वेळी कमी पडत असे. आज माणूस येणार, उद्या येणार, असे करीत आठवड्यांमागून आठवडे गेले. बडोद्याहून आणलेली गोडा मसाल्याची बरणी, कोकमे, तुरीची डाळ फळीवर मांडून ठेवली होती. रोज त्यांच्याकडे पाहावयाचे आणि विजेच्या किटलीतील चहाबरोबर पाव खावयाचा. घरात फोडणीचा आवाज नसला म्हणजे संध्याकाळ किती लांब होते, हे तेव्हा कळले. बाहेर जेवावे म्हटले तर आम्ही मांसाहार न करणारे, भाषा येत नाही आणि तेथील उपाहारगृहे रात्री साडेसातच्या आत दार उघडत नाहीत. आमची सातला जेवण्याची सवय पन्नास वर्षांची!

नोव्हेंबरातील अशाच एका संध्याकाळी पाऊस लागला. भाजीच्या शोधात निघालेले आम्ही दोघे एका छत्रीत वाट चुकलो आणि नेहमीच्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत शिरलो. गल्लीत अंधार होता. एकाच दारातून पिवळा उजेड रस्त्यावरच्या पाण्यात पडला होता. दाराच्या काचेवर आतल्या उबेने दव धरले होते. आणि वास! भाजलेल्या कणकेचा वास जगात कोठेही गेले तरी एकच असतो. आम्ही काही न बोलता छत्री मिटली आणि आत शिरलो.

आत सात-आठ माणसे उभी होती, पण रांग म्हणून नव्हती. कोणी भिंतीला टेकलेले, कोणी वर्तमानपत्र वाचणारे. आम्ही शिस्तीने एका कडेला उभे राहिलो. आमच्यामागून आलेला एक जण घेऊन गेला, दुसरा गेला, तिसरा गेला; आम्ही आपले उभेच. वीस मिनिटांनी गल्ल्यावर बसलेल्या एका ऐंशीच्या घरातल्या आजीबाईंचे आमच्याकडे लक्ष गेले. काळा पोशाख, खांद्यावर लोकरीची शाल, आणि आवाज मात्र असा, की सारे दुकान दचकले. त्या काय बोलल्या ते शब्दश: कळले नाही, परंतु सर्व माणसे बाजूला झाली आणि आम्हांला पुढे वाट मिळाली. त्या देशाची रीत आम्हांला मागाहून समजली. दुकानात शिरल्याबरोबर "शेवटचं कोण?" असे मोठ्याने विचारावयाचे, जो हात वर करील त्याला ध्यानात ठेवावयाचे, आणि मग खुशाल कोठेही उभे राहावयाचे. रांग असते, पण ती माणसांच्या स्मरणात असते. आम्ही विचारले नव्हते, म्हणून आम्ही त्या रांगेत नव्हतोच!

काचेच्या कपाटात लांबच लांब लोखंडी परातींतून पिझ्झा मांडले होते. आपल्याकडे पिझ्झा म्हटला की वाटोळा. येथे मात्र सगळा चौकोनी कारभार. रोमची ही खास तऱ्हा. 'पिझ्झा अल तालियो' म्हणजे कापून दिलेला पिझ्झा. हवा तेवढा तुकडा कापून घ्यावयाचा, तो तोलून त्याचे पैसे द्यावयाचे आणि कागदात गुंडाळून घरी न्यावयाचा, नाही तर रस्त्यातच खावयाचा. काउंटरमागे पन्नाशीचा, पिठाने पांढऱ्या झालेल्या दंडांचा एक गृहस्थ उभा होता. हातात शिंप्याची असावी तशी भली मोठी कात्री. ती त्याने परातीवर धरली आणि भुवया उंचावून विचारले, "कोझी?" म्हणजे, एवढा? आम्ही बोटांनी थोडा कमी दाखविला. ह्यांचे सारे आयुष्य संख्याशास्त्रात गेलेले. त्यांनी पाठ केलेल्या इतालियनमध्ये 'दोनशे ग्रॅम' असे स्पष्ट सांगितले. दुकानात हशा पिकला. तेथे ग्रॅमात कोणी बोलत नाही. शंभर ग्रॅमांचा एक 'एत्तो', आणि दोनशे म्हणजे दोन 'एत्ती'. आपल्या आजीला पावशेर-अच्छेराऐवजी कोणी ग्रॅम सांगितले असते, तर तीही अशीच हसली असती.

मांस नको, मासळी नको, अंडे नको, हे आम्ही हातवाऱ्यांनी सांगत होतो. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. मग एकेका परातीवर बोट ठेवून मान हलविली: ह्यात मासळी, नको, ह्यात डुकराचे मांस, नको, ह्या भाताच्या वड्यात खिमा, नको. शेवटी एका परातीपाशी त्याचा चेहरा उजळला. कागदासारख्या पातळ बटाट्याच्या चकत्या, रोझमेरीची हिरवी पाने, मीठ आणि ऑलिव्हचे तेल. बस्स. त्याने तो तुकडा पुन्हा भट्टीत सरकवून गरम केला, मधोमध कापून एकावर एक पालथा घातला, कागदात अर्धा गुंडाळला आणि हातात दिला. आम्ही घरापर्यंत धीर धरू शकलो नाही. दुकानाच्या छपराखाली, पावसाच्या शिंतोड्यांत उभे राहून खाल्ला. खालून कुरकुरीत, आतून जाळीदार, वर बटाटा. फोडणी नव्हती, हळद नव्हती, मिरचीचा पत्ता नव्हता. तरीही भाकरीवर बटाट्याची भाजी घालून हातात दिल्यासारखे वाटले. दोन महिन्यांत प्रथमच कोणीतरी गरम अन्न आमच्या हातावर ठेवले होते.

त्यानंतर गॅस येईपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी तेथे जाऊ लागलो, आणि गॅस आल्यावरही जातच राहिलो. आपल्याकडे धंद्यावरून आडनावे पडतात, तसे आम्ही त्या गृहस्थांना आपसात 'भट्टीवाले' म्हणू लागलो. बडोद्याला फोनवर बोलताना ते नाव माईंच्याही तोंडी बसले. माई म्हणजे ह्यांच्या मातोश्री. वय वर्षे शहाऐंशी. धाकट्या दिरांकडे दांडिया बाजारातील जुन्या घरात असत. फोन लागला की प्रकृतीची चौकशी होण्याआधी त्या विचारीत, "काय गं, आज भट्टीवाल्यांनी काय दिलं?" आम्ही वर्णन करावयाचे आणि त्यांनी म्हणावयाचे, "बटाटा घातलेली पोळी? एकदा खाऊन पाहिली पाहिजे." दात एकही नव्हता, पण उत्साह दांडगा!

हळूहळू भाषा आली आणि भट्टीवाल्यांचा व्यवहार कळू लागला. मैदा, पाणी, मीठ, किंचित यीस्ट आणि तेल, एवढेच साहित्य. परंतु कणीक भिजवून ती शीतकपाटात एक अहोरात्र, कधी त्याहूनही अधिक, तशीच राहू द्यावयाची. पाणी इतके सढळ, की गोळा हातात ठरू नये. मग परातीत तेल लावून, दहाही बोटांनी दाबत दाबत तो कडेपर्यंत पसरावयाचा. लाटणे लावावयाचे नाही. लाटण्याने आतली हवा निघून जाते. ढोकळ्याचे पीठ आंबविणाऱ्या आम्हांला हे सांगावयास नको होते. "घाई केली तर पोटात दुखतं," असे ते म्हणत. आणि हेच वाक्य आम्ही इडली-ढोकळ्याच्या संदर्भात बडोद्यात शंभरदा ऐकले आहे. काहीही न घातलेला, नुसत्या तेलामिठाचा पांढरा पिझ्झा आणि वर टोमॅटोचा रस लावलेला तांबडा पिझ्झा, हे दोन रोमच्या मुलांचे मधल्या वेळचे खाणे. चीज नसलेला पिझ्झा असू शकतो, हेच आम्हांला मुळी तेथे प्रथम कळले.

पिझ्झाचा इतिहास आम्ही वाचनालयातून वाचून काढला. रोम आणि नेपल्स ह्यांच्यामध्ये समुद्रकाठी गाएता नावाचे गाव आहे. तेथील इ.स. ९९७ च्या एका लॅटिन करारपत्रात, भाडेकरूने तेथील बिशपला नाताळला बारा आणि ईस्टरला बारा पिझ्झे द्यावेत, असे लिहिलेले आहे. त्या वेळी टोमॅटो युरोपात आलेलाही नव्हता; तो आणि बटाटा, दोघेही अमेरिकेतून पुष्कळ पुढे आले. राणी मार्गेरिताच्या नावाने १८८९ मध्ये नेपल्सला केलेल्या पिझ्झाची कथा सर्वांना ठाऊक आहे, तिच्या पुराव्याविषयी मात्र अभ्यासकांत वाद आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करण्याच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हे सर्व आम्ही मोठ्या उत्साहाने भट्टीवाल्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते नेपल्सवाल्यांचं. आम्ही कालाब्रियाचे."

कालाब्रिया म्हणजे इटलीच्या बुटाचा चवडा. डोंगराळ, गरीब मुलूख. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील असंख्य माणसे पोटासाठी उत्तरेकडे आणि परदेशी गेली. आजीबाई मुलाला कडेवर घेऊन रोमला आल्या, त्याला पन्नास वर्षे होत आली होती. तरी अजून त्या "ह्या रोमवाल्यांचं असंच असतं," असे म्हणत. एकदा त्यांनी आम्हांला विचारले, "तुम्ही मूळचे कुठले?" आम्ही म्हणालो, "हिंदुस्थानातले." "ते कळलं हो. पण गाव कुठलं?" आता आली पंचाईत. आमची भाषा एका प्रांताची, गाव दुसऱ्या प्रांतात. पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आले, त्यालाही अडीचशे वर्षे होऊन गेली. घरात मराठी, दारात गुजराती. आणि आजही महाराष्ट्रात गेलो की लोक म्हणतात 'तुम्ही गुजरातचे', आणि गुजरातेत म्हणतात 'तुम्ही दक्षिणी'. मोडक्यातोडक्या इतालियनमध्ये आम्ही हे सगळे सांगू लागलो. मनात म्हटले, ह्या बाईंना काय कळणार! आजीबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "म्हणजे आमच्यासारखेच."

त्या दिवशी भट्टीवाल्यांनी काउंटरखालून एक काचेची बरणी काढली. तेलात बुडविलेल्या तांबड्या लाल मिरच्या! कालाब्रियाचे लोक तिखटाचे भोक्ते. रोमच्या माणसांना ते सोसत नाही, म्हणून ही बरणी फक्त घरच्या माणसांसाठी. त्यांनी एक मिरची आमच्या तुकड्यावर ठेवली आणि दोघे मायलेक आमचे तोंड पाहत उभे राहिले. आम्ही शांतपणे खाल्ली आणि आणखी मागितली. आजीबाईंनी गल्ल्यावरून टाळ्या वाजविल्या. सेव-उसळीच्या गाड्यावर तर्री मागून घेणाऱ्या बडोदेकरांची परीक्षा अशा मिरचीने व्हावयाची नव्हती.

१८ फेब्रुवारी २०२० रोजी गार्बातेल्लाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यानंतर तीन आठवडेही गेले नाहीत, तोच ९ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी दूरदर्शनवर येऊन सारा देश बंद केल्याचे सांगितले. दोन दिवसांनी उपाहारगृहेही बंद झाली. अन्न घरपोच देण्यापुरती मुभा राहिली. घराबाहेर पडावयाचे तर कोठे व कशासाठी, हे लिहिलेला कागद खिशात हवा. पहिले काही दिवस लोक गच्च्यांतून गात होते. मग बेर्गामोहून शवपेट्या घेऊन निघालेल्या लष्करी गाड्या पडद्यावर दिसल्या आणि गाणी थांबली. अंगणातल्या तारांवर कपडे तेवढे हलत. भट्टीवाल्यांनी दार अर्धे ओढून घेतले, पण भट्टी विझू दिली नाही. तोंडाला मुसके बांधून ते स्वत: दारोदार पुडकी ठेवून जात, घंटी वाजवावयाची, दोन पायऱ्या खाली उतरावयाचे आणि विचारावयाचे, "सगळे बरे आहात ना?" एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी हा प्रश्न पिझ्झाहून अधिक मोलाचा होता.

२२ मार्चपासून हिंदुस्थानात परदेशी विमाने उतरणे बंद झाले. आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे, धाकट्या दिरांचा फोन आला. माई रात्री झोपेतच गेल्या होत्या. आजार नाही, रोग नाही. वयोमानाने दिवा शांत झाला. थोरला मुलगा साडेतीन तासांच्या अंतरावर होता, पण ते अंतर घड्याळाचे. जाण्यास वाट नव्हती. स्मशानात वीसपेक्षा अधिक माणसे नेण्यास मनाई. सकाळी साडेसहाला ह्यांनी थंड पाण्याने स्नान केले आणि टेबलावर उभ्या केलेल्या फोनसमोर हात जोडून उभे राहिले. धाकट्या भावाने अग्नी दिला. चित्र मध्येच थांबे, मध्येच पुढे सरके. मग फोन बंद झाला आणि घरात एकदम शांतता पसरली.

आपल्याकडे अशा घरी चूल पेटत नाही. पेटवावी लागत नाही. शेजारची माणसे न सांगता पिठलं-भात घेऊन येतात, चार घास खावयास लावतात. त्या घरात आम्ही दोघेच. दुपार झाली तेव्हा आम्ही भट्टीवाल्यांना फोन केला आणि थोडा तांबडा पिझ्झा पाठवा म्हटले. आवाजावरून त्यांनी विचारले, "काय झालं?" सांगितले. पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "काही करू नका. चूल पेटवू नका."

तासाभराने घंटी वाजली. दारात पुडके नव्हते. फडक्यात बांधलेले एक झाकणाचे पातेले होते, पाव होता, आणि बाटलीत कॉफी. भट्टीवाले नेहमीप्रमाणे दोन पायऱ्या खाली उभे होते, पण आज त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. ते म्हणाले, "आईनं केलंय. आमच्या गावाकडे घरात माणूस गेलं, की त्या घरी विस्तव करत नाहीत. शेजारी आणून देतात. ह्याला आम्ही कुन्सुलु म्हणतो. ह्याचे पैसे विचारायचे नसतात, आणि आभारही मानायचे नसतात." कुन्सुलु म्हणजे सांत्वन. इतके बोलून ते खाली गेले.

पातेल्याचे झाकण काढले आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. हरभऱ्याच्या दाट रश्श्यात कणकेच्या रुंद, चपट्या पट्ट्या शिजविलेल्या. कालाब्रियात त्यांना 'लागाने' म्हणतात. नुसता मैदा आणि पाणी, अंडे नाही. आमच्या दृष्टीने त्या चकोल्या होत्या. माई पावसाळ्यात करीत त्या. तुरीच्या डाळीऐवजी हरभरा, कढीलिंबाऐवजी दुसरा कसला पाला, बाकी तेच. पहाटेपासून ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आले नव्हते. पहिल्या घासाला आले.

असे तीन दिवस पातेले येत राहिले. ना कोणी निरोप दिला, ना कोणी हिशेब ठेवला.

दहाव्या दिवशी तिकडे नदीकाठी विधी झाला तो झाला. इकडे ह्यांनी इमारतीच्या गच्चीवर, कपडे वाळविण्याच्या जागी, कठड्यावर केळीच्या पानाऐवजी एका स्वच्छ कागदावर भाताचा पिंड ठेवला. शेजारी, काही न बोलता, बटाट्याच्या पिझ्झाचा एक लहानसा तुकडा ठेवला. रोममध्ये कावळे उदंड. अंग राखी, डोके व पंख काळे. आमच्या कावळ्यांचे जणू चुलतभाऊच. पण त्या दिवशी प्रथम आला तो समुद्रपक्षी, चांगला बदकाएवढा. त्याला ह्यांनी हाकलला. बराच वेळ काही येईना. उन्हे चढू लागली. मग समोरच्या पाइन वृक्षावरून एक कावळा उतरला, मान वाकडी करून त्याने आमच्याकडे पाहिले, भाताला चोच लावली आणि बटाट्याचा तुकडा उचलून घेऊन गेला. शास्त्र काय म्हणते ते शास्त्र्यांनी सांगावे. आम्ही दोघे मात्र हलक्या मनाने जिना उतरलो.

चौदाव्या दिवशी गोडाचा शिरा केला, आजीबाईंच्या पातेल्यात भरला आणि खिशात तो सरकारी कागद ठेवून दुकानापर्यंत नेऊन दिला. पातेले रिकामे परत देऊ नये, ही रीत सांगावी म्हटले, तर आजीबाईंनी झाकण उघडून पाहिले आणि नुसती मान डोलविली. त्यांना ती माहीत होती.

४ मेपासून दुकानांतून पुन्हा खाणे बांधून नेता येऊ लागले. उन्हाळ्यात भोपळवर्गाच्या पिवळ्या फुलांचा पिझ्झा होतो, तो तेथे खारविलेली मासळी घालून करतात. परातीचा एक कोपरा भट्टीवाले आमच्यासाठी मासळीवाचून ठेवीत. त्यावर कोणी बोट ठेवले तर "तो विकलेला आहे," असे सांगत. सप्टेंबर २०२१ मध्ये आम्ही निघालो, तेव्हा आजीबाईंनी मिरच्यांची एक बरणी दिली. विमानतळावर ती पिशवीतून काढून ठेवावी लागेल ह्या भीतीने आम्ही ती कपड्यांच्या पेटीत चार साड्यांत गुंडाळून आणली. एक साडी गेली. बरणी शाबूत राहिली.

आता बडोद्यातही पिझ्झाची दुकाने गल्लोगल्ली आहेत. नातवंडे मागवतात, आम्हीही खातो; नावे ठेवीत नाही. पण आठवण होते ती त्यामुळे नव्हे. मध्यंतरी आमच्या वरच्या मजल्यावर केरळातील एक तरुण जोडपे राहावयास आले. दोन दिवसांनी लक्षात आले, की वरून भांड्यांचा आवाज येत नाही. गॅसच्या जोडणीचा एक कागद कमी पडत होता. त्या संध्याकाळी आम्ही भाकरी, बटाट्याची भाजी आणि लोणचे डब्यात भरले, वर गेलो आणि घंटी वाजविली. मुलगी दार उघडून संकोचाने हिंदीतून म्हणाली, "कशाला त्रास घेतलात? आम्ही बाहेरून काहीतरी मागवणार होतो."

आम्ही म्हटले, "तुमची चूल पेटेपर्यंत मागवू नका."